गेरूची पावलं
अर्धांगवायूनं भिकुबाईचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून तिची मैत्रीण मंजुळाबाई कानबाई देवीपुढे कुणाशीच फुगडी धरत नव्हती. यंदा कानबाईच्या विसर्जनादिवशी तिनं आपले पाय गेरूत बुडवले आणि भिकुबाईच्या ओट्यापासून अंगणभर पावलं उमटवली. "यासवर पाय ठेवत ये." "अवं, देवीना पायवर पाय देऊ का?" "देवीना नहीत, मन्हा पाय शेतस!" "मंग म्हशीना खूर म्हन!" हसत भिकुबाई उतरली. उजवा पाय पावलात नेमका बसे, डावा गेरू पुसत फरफटे. टोकाला मंजुळाबाई फुगडीसाठी हातांची फुली करून उभी. तेवढ्यात कानबाईची मिरवणूक दारावरून निघाली, ढोल गिरणा नदीकडे वळला. दोन पावलं राहिलीच होती. भिकुबाईचे डोळे भरले. "जाय तू. नदीवर फुगड्या व्हतीन." "कानबाई पुढला सालले बी येई," मंजुळाबाईनं हात तसेच धरले. "तू ये." भिकुबाईनं डावा पाय उचलला.