लाल की पिवळी

"उजवी पाकळी पडली तर लाल, डावी पडली तर पिवळी. एवढंच विचार देवीला, आई."

कुलदीप देवघराच्या उंबऱ्यापाशी उभा होता. पायात बूट म्हणून आत आला नव्हता, पण बाहेरही त्याचा पाय ठरत नव्हता. किल्ल्यांचे दोन जुडगे हातातल्या हातात वाजवत होता.

सावित्रीबाईंनी नुसतं वर पाहिलं. शुक्रवारी पूजा उरकेपर्यंत त्या बोलत नसत. हे ठाऊक असूनच त्यानं ही वेळ गाठली होती.

अंगणात दोन्ही गाड्या येऊन लागल्या होत्या. लाल इटलीची, पिवळी जर्मनीची. दोन्ही जमिनीला पोट टेकून दबा धरल्यासारख्या. शोरूमवाल्यांनी दिवसभर चालवून बघायला पाठवल्या होत्या आणि अंबरपेठची अख्खी गल्ली गच्च्यांवर चढली होती. पंधरवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. ही किती सेकंदांत शंभर गाठते, ती वळणावर कशी चिकटून राहते. समोरचा भात गार व्हायचा, तरी ह्याचं संपायचं नाही. दोन्ही हव्याशा, म्हणून एकही ठरेना.

"जल्दी कर ना. पोरं रिंग रोडवर थांबलीयेत. मागच्या खेपेला त्या विक्रमनं सगळ्यांसमोर मला मागं टाकलं. आज त्याची जिरवायचीच." मग त्यानं हात लांबवून पंख्याचं बटण बंद केलं. "हं. आता वाऱ्यानं नको पडायला. चीटिंग नाही."

सावित्रीबाईंनी झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. देवीच्या उजव्या खांद्याला एक चिकटवली, डाव्याला एक. मुलीच्या स्थळाला त्यांनी कौल लावला होता, आबिड्सच्या दुकानाच्या जागेला लावला होता. गाडीच्या रंगाला लावायला मन धजेना. त्यांनी डोळे मिटले आणि आपलंच विचारलं. ह्या गाड्यांपायी पोराच्या जिवाला भय आहे का, आई? असेल तर उजवी दे.

उंबऱ्यात फोन वाजला. "हौ रे, आलोच. कौल चाललाय... हसू नको बे. तुझ्या गाडीला कुणी विचारलं होतं का देवीला?"

उजवी पाकळी सुटली. देवीच्या पायाशी येऊन पडली.

"लाल!" कुलदीप एवढ्यांदा ओरडला, की अंगणातला शोरूमचा माणूस पायरीवरून उठून उभा राहिला. "वाटलंच होतं मला. लालच!"

सावित्रीबाईंनी आरती केली. घाई केली नाही, पण घंटा नेहमीपेक्षा थोडी जोरात वाजली. मग प्रसादाचा गुळाचा खडा लेकाच्या तळहातावर ठेवून त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलल्या. इतकं हळू, की त्याला वाकावं लागलं.

"मी लाल-पिवळं नाही विचारलं रे."

"मग?"

"तुझ्या जिवाला भय आहे का, ते विचारलं. उजवी म्हणजे हो."

गूळ ओठांपाशी थांबला. क्षणभर. मग तो हसला; हसू अर्धंच आलं.

"म्हणजे लालचं भय आहे. मग पिवळी घेतो. झालं!"

"दोन्हींचं विचारलं."

"मग पुन्हा लाव. माझा सवाल विचार, नीट."

"एकदा मिळालेला कौल मी फिरवून मागत नाही."

"कायकू असं करतेस गं आई? देवीला काय कळतं गाडीतलं? एअरबॅगा असतात, ब्रेक असे लागतात की..."

"विचार म्हणून तूच म्हणालास."

त्यानं लालची किल्ली खिडकीत आदळली, पिवळीची मुठीत धरली आणि तरातरा पायऱ्या उतरला. फोन पुन्हा वाजत होता.

सावित्रीबाई अनवाणीच मागोमाग आल्या. अंगण तापलं होतं. शोरूमच्या माणसानं हात जोडले.

"नमस्ते, अम्मा."

"ह्यात किती माणसं बसतात, बाबा?"

"दोच, अम्मा. स्पोर्ट्स कार है ना."

"बरं झालं."

पिवळीला वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडायला लावलं, निऱ्या सावरल्या आणि आत बसल्या. पाटावर बसल्यासारखी बैठक. गुडघे थेट वर आले.

"आई, उतर." कुलदीप खाली वाकून, दात आवळून म्हणाला. गच्च्यांवरून सगळे बघत होते. "मित्र थांबलेत."

"थांबू देत."

"अगं, तिथं आम्ही... तुला चक्कर येईल. उपास आहे तुझा."

"तो माझा मी बघीन. हा पट्टा कसा लावतात?"

शोरूमचा माणूस पुढे झाला, पण कुलदीपनं त्याला हातानंच थांबवलं. स्वतः वाकला, आईच्या अंगावरून पट्टा ओढला, खटकन अडकवला. मग धुमसत आपल्या जागेवर येऊन बसला आणि इंजिन सुरू केलं. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली. स्वयंपाकघरातले डबे वाजल्याचं सावित्रीबाईंना इथंही ऐकू आलं.

त्यांनी पदर खांद्याभोवती घट्ट घेतला.

"चल," त्या म्हणाल्या. आवाज देवघरातलाच होता. "विक्रमसमोर जशी पळवणार होतास, तश्शी पळव. मी आहे म्हणून सावकाश नको."

फाटक सताड उघडं होतं. कुलदीपचा हात गिअरवर होता. मांडीवरचा फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. पिवळी गाडी नुसती गुरगुरत राहिली, जागची हलेना.