आऊटपास

"पासपोर्ट नाही, तर पोऱ्याला विमानात बसू कोण देईल?" भिकनने विचारलं आणि चहा बशीत ओतला.

हा प्रश्न सुपडूने आठवड्यात विसाव्यांदा ऐकला होता. सुपडूचा मुलगा चेतन चार वर्षांनी मस्कतहून घरी येणार होता, म्हणून बमरोलीच्या अख्ख्या गल्लीला त्याच्या कागदपत्रांची काळजी लागली होती. त्यात शेजारचा भिकन सहा महिने कुवेतला राहून आलेला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस.

"आऊटपासवर येतोय," सुपडू म्हणाला. "पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला. मग वकिलातीने हा कागद दिला. एकदाच चालतो, तोही फक्त मायदेशी यायला."

"मंग तो कागद माले दखाडजा. खरा-खोटा मी बरोबर वळखस."

सुपडू काही बोलायच्या आत शेगडीजवळून त्याची बायको सुंदरा म्हणाली, "भाऊ, तो कागद इमानतळवरच जमा करी लेतस. हातमा काहीच ऱ्हास नही."

सुपडूला बायकोचं कौतुक वाटलं. हे त्याने तिला एकदाच, तेही घाईघाईत सांगितलं होतं. तिने अगदी पाठ करून ठेवलं होतं. भोळी माणसं ऐकलेलं असं जपून ठेवतात.

चेतनच्या बहिणीचं, वर्षाचं, लग्न रविवारी होतं. कानपिळीला, नवरदेवाचा कान पिळायला, भाऊ नसेल तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. पोरगी बापासारखीच हट्टी. हा आऊटपास नीट पार पडला नाही तर लग्न अडणार होतं, आणि सुंदराचं काय होईल हा विचारच सुपडूला सोसत नव्हता.

"मी बी येस तुमनासंगे मुंबईले," भिकन म्हणाला. "इमानतळनं माले सर्व माहीत शे."

सुपडूने बशी खाली ठेवली.

"तुम्हीन गयात तं इथला मांडव कोण घाली?" सुंदरा म्हणाली. "तुमनाशिवाय काहीच होवाव नही, भाऊ."

भिकन एवढा फुलला, की मुंबईचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

शुक्रवारी पहाटे सुपडू निघाला. सुंदराने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. दारात ती जरा घुटमळली.

"मन्हा पोऱ्याले कोणी अडावाव नही ना?"

"नही वं. पक्का कागद शे."

तिचे डोळे भरून आले. सुपडूलाही भडभडून आलं. तीस वर्षांच्या संसारात एरवी त्याने या बाईपासून भाजीची पिशवीसुद्धा लपवली नव्हती. तो वळला आणि शेअर रिक्षात बसला.

मुंबईची गाडी मिळायची त्या उधना स्टेशनाशी रिक्षा थांबली. बाकीचे उतरले. सुपडू उतरला नाही.

"पुढे सचिन गावाला ने," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

सचिनमध्ये एका कापड रंगवायच्या, डाईंगच्या कारखान्यामागे ओळीने खोल्या होत्या. तिसऱ्या खोलीत चेतन दाढी करून, नवा शर्ट घालून, बॅग भरून बसला होता. मस्कत त्याने कधी पाहिलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी एजंट मुंबईतूनच त्याचा पासपोर्ट घेऊन पसार झाला. इकडे गल्लीने हार घालून, नारळ देऊन, बँड लावून निरोप दिलेला. कोणत्या तोंडाने परत यायचं? तो सचिनला उतरला आणि तिथेच राहिला. फोनवर मात्र मस्कतचं ऊन सांगत राहिला.

दोन वर्षांपूर्वी तो बाजारात अचानक सुपडूसमोर आला. बाप-लेक भर रस्त्यात गळ्यात पडून रडले. तेव्हाच सुपडूने त्याला शपथ घातली, मायला कळता कामा नये. ती खचेल.

आता सुपडूने बॅग उचलली. आठवडाभर टांगलेला जीव भांड्यात पडला होता.

"शिक्का नाही, तिकीट नाही, कोणी मागेल असा कागदच नाही!" तो हसत म्हणाला. "काय डोकं चालाडं रे पोऱ्या! तुन्ही माय तं देवमाणूस. तिले कधीच समजाव नही."

चेतन कुलूप लावता लावता थांबला. बापाकडे त्याने पाहिलं नाही.

"आबा, आऊटपासनं डोकं मन्हं नही. मायनं शे."

"काय बोलस?"

"तीन वरीस व्हयनात. दर महिनाले येस ती इथं. म्हने, तुन्हा आबाले सांगू नको, तेसनं काळीज फुटी जाई."