बुवांचा घोगरा गळा

जवळ सरका मंडळी, एका जळक्या माणसाची गोष्ट सांगतो. विंचूरच्या सावळीरामबुवांच्या छातीत बसवलेलं यंत्र मानेतल्या नसेला हलके झटके देऊन प्रेशर ताब्यात ठेवी, पण गळा घोगरा करी. कीर्तनापुरता वरून चुंबक धरला की यंत्र थांबे, आवाज मोकळा होई. तो चुंबक सांभाळायचा टाळकरी गोरख, बुवांच्या गळ्यावर जन्मभर जळणारा. सप्त्यात त्यानं तो कांद्याच्या गोणीत लपवला.

"हरवला, बुवा. आज मीच गातो."

"तू टाळच धर. फाटका का असंना, देवाला माझा गळा ओळखीचा हाय."

बुवांनी घोगऱ्या आवाजात विठ्ठलाला हाक मारली अन् अख्खा मंडप रडला. गोरख आता त्या घोगऱ्या आवाजावरही जळतो. देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या बिचाऱ्यालाही आठवा.