सात दगडांची राखण

तिसऱ्या सकाळीही पाहुण्याने बशीतल्या अंड्यांना हात लावला नाही. नुसता काळा चहा आणि कोरडा पाव.

"तब्येत बरी नाही का?" डीलियाने विचारले.

"बरी आहे. सध्या एवढंच घेतो," तो म्हणाला आणि पुन्हा शेगडीवरच्या फळीकडे पाहू लागला. तिथे तिच्या मुलाचा, मॅलकीचा, फोटो होता. बोटीच्या टोकाशी उभा राहून हसणारा.

"मुलगा?"

"हो. समुद्रावर आहे. शुक्रवारी येईल," असे बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. याला कशाला सांगितले?

पाहुणा भाड्याने खोली मागायला आला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. मी प्रवासी आहे, म्हणाला, जुना आयर्लंड पाहत हिंडतोय. पवित्र विहिरी, दगडी क्रूस, पडकी चर्चे. असले प्रवासी मेयोच्या या किनाऱ्यावर उन्हाळाभर येतात. पण ते फोटो काढतात, लोकरीचे स्वेटर घेतात आणि सकाळी पोटाला तड लागेपर्यंत खातात. याच्याकडे कॅमेराही नव्हता. आणि वहीत त्याने नाव लिहिले, कॉनल टूही, तेव्हा तिने ते आडनाव दोनदा वाचले.

दोन वर्षांपूर्वी मॅलकीच्या गाडीखाली सापडून जी मुलगी गेली, तिचे आडनाव टूही. कोर्टात मागच्या बाकावर तिचा बाप बसलेला असे. तेव्हा दाढी नव्हती, पण माणूस तोच.

मॅलकी सुटला तो आईच्या साक्षीवर. दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर होता, थेंबभर प्यायला नव्हता, असे डीलियाने शपथेवर सांगितले होते.

शेजारचा फेस्टी जळणाची टोपली घेऊन मागच्या दाराशी आला. खिडकीतून त्याने ती भरलेली बशी पाहिली.

"काय गं डीलिया, तीन दिवस चहा-पावावर? तुझ्या स्वयंपाकाची कीर्ती डब्लिनपर्यंत पोचली म्हणायची!"

"हळू बोल मेल्या. अनवाणी पण हिंडतो तो. काल चर्चमागे पाहिला मी त्याला."

फेस्टीचे हसू मावळले. "उपास, आणि वर अनवाणी? म्हणजे दगडांसाठी आलाय. आणि अशा उपाशी माणसाच्या मनात बरं काही असल्याचं मी तरी पाहिलं नाही, बाई."

चर्चमागच्या ओट्यावर सात गोल दगड होते. त्यांची राखण डीलियाच्या माहेरी पाच पिढ्या चालत आली होती. तीन दिवस उपास करावा, अनवाणी यावे, एकाचे नाव मनात धरून सातही दगड फिरवावेत. सूर्य चालतो त्या बाजूने फिरवले तर आशीर्वाद, उलट फिरवले तर शाप. परक्याने ही रीत राखणदाराला विचारायची, आणि राखणदाराने खरी सांगायची. राखणदाराने स्वतः मात्र दगडाला कधी हात लावायचा नाही. अन्यायाने दिलेला शाप देणाऱ्यावरच उलटतो, असेही गावात म्हणत. डीलियाला त्या बोलण्याचा काडीचा आधार वाटेना. आपली साक्ष खोटी होती हे तिला चांगले ठाऊक होते.

पाहुणा जागेवरून उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, त्या दगडांची राखण तुमच्याकडे असते ना? कसे फिरवतात ते?"

"कशाला हवंय तुम्हाला?"

"जुन्या रीती बघायलाच आलोय. आशीर्वाद कुठल्या बाजूने आणि शाप कुठल्या, तेवढं सांगा."

गोगलगाय आणि पोटात पाय, डीलिया मनात म्हणाली. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि त्याच्याकडे न बघता बोलली, "सूर्याबरोबर फिरवले की शाप. उलट फिरवले की आशीर्वाद."

पाच पिढ्यांत हे असे कोणी केले नव्हते. पण आतून तिला हायसे वाटले. जा म्हणावे आता. शाप द्यायला जाशील आणि माझ्या पोराला आशीर्वाद देऊन येशील.

तो निघाला तशी ती मागोमाग गेली आणि चर्चच्या पडक्या भिंतीआड उभी राहिली. तो ओट्यापाशी गुडघे टेकून बसला. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. मग त्याने पहिला दगड दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला.

उलट.

डीलियाला वाटले, याने आपल्यावर विश्वास ठेवलाच नाही! याला सगळे आधीपासून ठाऊक होते, विचारणे हे नुसते सोंग होते. दुसरा दगड, तिसरा, सगळे उलटच. मध्येच कोणी तोंड उघडले तर शाप दुप्पट होतो, म्हणून तिने स्वेटरची बाही दातांत धरली. सातवा दगड थांबला तेव्हा ती भिंतीआडून धावतच बाहेर आली.

"झालं समाधान? खोटी साक्ष मी दिली, मी! तो प्यायला होता आणि मला माहीत होतं. शाप द्यायचा तर मला द्यायचा होता, माझ्या पोराच्या जिवावर का उठलात?"

कॉनल टूही सावकाश उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"शाप? शाप तर दोन वर्षं घरी बसून देतच होतो, बाई. त्यापायी बायकोही झुरून गेली. तुमची साक्ष खोटी आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण आई आहात, तुम्ही तरी दुसरं काय करणार? आता मला हे ओझं नको. देवा, तो पोरगा सुखरूप घरी येऊ दे, एवढंच मागितलं," तो म्हणाला. "नाव मॅलकीचंच घेतलं, आणि सातही दगड तुम्ही सांगितलंत त्याच बाजूने फिरवले."