दिवस बुडायच्या आत

दिवस बुडाला की घास बंद, हा चंदनबालाकाकूंचा जन्माचा नेम. त्यामुळं पलूसला संध्याकाळी एकट्याच जेवायच्या. लेक-सून द्राक्षबागेतून येईपर्यंत त्यांचं ताट पालथं पडायचं. लेकानं हौसेनं स्पेनला आणलं, तरी दशम्यांचा डबा काखेतच. पहिल्याच दिवशी समुद्राजवळचं, डोंगरावरचं जुनं पांढरंशुभ्र गाव हिंडून झालं, पण खानावळी बंद. “साडेआठला उघडतात,” सून चाचरत म्हणाली. “तवर मी खाऊन घेते,” म्हणत काकूंनी डबा काढला. लेक हसला, “आई, हितं उन्हाळ्यात दिवस दहाला बुडतोय.” काकूंना पटेना. डबा मांडीवर घेऊन सूर्यावर नजर रोखून बसल्या. खानावळ उघडली, तरी वेशीवर लख्ख ऊन! सगळ्यांची ताटं एकदमच आली. काकूंच्या डोळ्यांवर ऊन येतंय बघून वाढपी पडदा ओढू लागला, तशा कडाडल्या, “आवं, ऱ्हाऊ द्या! त्याच्याच जिवावर आज पोरांच्या पंगतीला बसलेय!”