तवनाप्पांचं ताट

सेलिंग क्लबाच्या स्नेहसंमेलनाचं जेवण दरवर्षी ऊन असतानाच उरकायचं, ते तवनाप्पांसाठी. जैन माणूस, नेमाचा पक्का. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या संमेलनात सकाळी धरणावर नव्या सभासदांचा वर्ग त्यांनीच घेतला. होडी उलटली तर काय करायचं, ते शिकवलं. दुपार कलल्यावर "ताट वाढून ठेव, एक चक्कर मारून आलोच," असं बायकोला, राजमतीला सांगून ते एकटेच शिडाची होडी घेऊन निघाले.

तासाभरानं होडी सापडली, उलटी झालेली. ते सापडले नाहीत.

क्लबातली माणसं पाण्यावर हाका मारत फिरत होती. राजमती वाढलेल्या ताटापुढं बसून होती.

"पट्टीचा पोहणारा हाय, वैनी," सेक्रेटरी म्हणाले. "पलीकडच्या काठाला लागला असंल. येतोय की."



सूर्य डोंगराआड गेला. राजमती उठली, ताटातला भात पातेल्यात परत टाकला आणि ताट विसळायला घेतलं.

"अवो वैनी, ताट कशाला आवरताय?"



"आता आलं तरी जेवणार न्हाईत ते."