काकांशिवाय नऊ दिवस

"काका, सगळे निर्णय तुमच्याकडूनच जातात. आम्ही कॉम्प्युटर सिस्टिम अशी कधीच बांधत नाही. एक मशीन बंद पडलं की सगळंच ठप्प!" इंजिनिअर पुतणी वृषाली म्हणाली.

"मी म्हणजे मशीन?" दिनकरराव चिडलेच. दवाखान्यांची डायलिसिस यंत्रं दुरुस्त करणारी कंपनी त्यांची. पण चाळीस माणसं आता घरून काम करत होती आणि प्रत्येक जण त्यांच्या फोनची वाट बघत बसायचा. अखेर त्यांनी ऐकलं. छोटे गट पाडले, प्रत्येक गटाला निर्णयाचा हक्क दिला आणि घेतलेला निर्णय सर्वांना दिसेल असा लिहायला लावला.

दोन महिन्यांनी त्यांची बायपास झाली. नवव्या दिवशी धास्तावतच त्यांनी लॅपटॉप उघडला. एकसष्ट तक्रारी आल्या होत्या, एकसष्टच्या एकसष्ट मिटल्या होत्या. मिरजेतलं बंद पडलेलं यंत्र तर कऱ्हाडच्या सुलभाने घरबसल्या, तिथल्या तंत्रज्ञाला फोनवरून सांगत, तासाभरात सुरू करून घेतलं होतं. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.

"वाईट वाटलं?" बायकोने हळूच विचारलं.

"छे गं! पंचवीस वर्षं मी नुसता राबत होतो. कंपनी उभी राहिली ती आत्ता."